वर बघून बोल, सायेब

आमच्या प्राचार्यांना विद्यार्थी आवडायचे ते फक्त वार्षिक फोटोतले. ओळीत उभे, हात मागे, तोंडं बंद. बाकीचं वर्षभर आम्ही त्यांच्या डोळ्यांत खुपायचो. हे मी रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर ते बरोबरच आहे. इतकी वर्षं झाली, आता जाऊ दे, असं सांगणारे पुष्कळ भेटले. जाऊ देणाऱ्यांतली मी नव्हे.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध, गाव भिवंडी. पुस्तकात त्याला यंत्रमाग म्हणतात, आम्ही लूम म्हणायचो. गल्लोगल्ली लूम, घराला लागून लूम, मशिदीच्या मागे लूम, देवळाच्या पुढे लूम. कॉलेज गावाच्या कडेला बांधलं होतं, पण भिवंडीची कड कुठे संपते ते कुणाला ठाऊक! कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे कारखाना होताच. दिवसभर खटखट चालू. प्राचार्य बाहेरगावचे, मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजातून आलेले. आल्या आल्या त्यांनी सगळ्या भिंतींवर ‘शांतता राखा’ अशा पाट्या लावल्या आणि मागच्या बाजूच्या खिडक्या खिळे ठोकून बंद करून टाकल्या. खटखट काही थांबली नाही. वारा तेवढा थांबला.

दुसरा हुकूम बसण्याचा. परीक्षेतल्या गुणांप्रमाणे बाकं लावायची. जास्त गुणांची मुलं पुढे, म्हणजे बहुतेक वकिलांची, डॉक्टरांची, कारखानदारांची. मागे आम्ही. पडघ्याहून, वडप्याहून एसटीने येणारी मुलं, लूमच्या चाळीतली मुलं, रात्रपाळी करून तसेच वर्गात येणारे पोरगे, आणि उर्दू शाळेतून आलेल्या मुली, ज्यांना मराठी समजायची पण बोलायची भीती वाटायची. प्राध्यापक खुर्चीत बसून वहीत हनुवटी घालून नोट्स सांगायचे. पुढच्यांना ते दोनदा कळायचं, मागच्यांना एकदाही नाही. मग परीक्षा व्हायची आणि पुन्हा तीच मुलं त्याच बाकांवर. कुणी तक्रार केली तर प्राचार्य म्हणायचे, “पुढे बसायचंय? मग गुण मिळवा.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेळ्यांनी काय खाल्लं, कुठे पाणी प्यायल्या, याची चौकशी नाही. कळप सरळ रेषेत चालला पाहिजे, एवढंच.

पालकांना भेटायचा वारही त्यांनी ठरवून दिला होता, शनिवार. भिवंडीत लूमला सुट्टी असते शुक्रवारी. ज्याला आपल्या कॉलेजच्या गावाचा आठवडा कुठे संपतो हे माहीत नाही, त्याने गावाच्या मुलांचं भलं कसं करावं? आमच्यातला एकही बाप शनिवारी फिरकायचा नाही आणि प्राचार्य स्टाफरूममध्ये म्हणायचे, “या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही.”

माझे वडील पडघ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातले. माझ्या जन्माआधीच ते भिवंडीत लूमवर आले. आमची खोली कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून होती. आई दारात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळकांड्यांवर सूत गुंडाळायची. शाळेतून आल्यावर मीही भरायची. भिंत थरथरायची, फडताळातल्या पितळ्या थरथरायच्या, आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट शुक्रवारी सगळं बंद पडलं की झोप यायची नाही.

अशा घरात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. आई मला मीठ मागायची ते पलीकडच्या चाळीत ऐकू जायचं. त्यात बाबांचे कान गेलेले. लूमवर वर्षं काढलेल्या कुणाचे कान शाबूत राहतात? पण गंमत अशी की कारखान्यात कुणी ओरडत नसे. ओरडून उपयोगच नाही. तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघायची. मी बाबांचा डबा घेऊन जायची तेव्हा दारातूनच नुसते ओठ हलवून सांगायची, “आज बोंबील हाय,” आणि बाबा पार तिकडच्या टोकाला हसायचे. आवाज नाही, काही नाही. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं. आमची सगळी चाळ अशी डोळ्यांनी ऐकायची.

कॉलेजात मात्र मी बोलायला तोंड उघडलं की पुढची बाकं दचकून मागे बघायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगीही लूमवाल्याच्या घरची, उर्दू शाळेतली. ती माझी बाही ओढायची आणि म्हणायची, “आवाज़ नीचे कर, वो समझेंगे तू लड़ रही है.” मी खाली करायची. पण उत्तर येत असलं की भान राहायचं नाही.

इतिहासाच्या एक मॅडम होत्या, कल्याणहून यायच्या. त्या खुर्चीत बसायच्या नाहीत. बाकांमधून फिरायच्या, मागे येऊन उभ्या राहायच्या आणि बोलताना आमच्याकडे बघायच्या. त्यांच्या तासाला मागच्या बाकांवरच्या मुलांचे हात वर व्हायचे. रात्रपाळीचे पोरगेही जागे राहायचे. इतिहासात आम्हाला गुणसुद्धा बरे पडायचे. म्हणजे डोकी बरी होती आमची! प्राचार्यांनी त्यांना बोलावून समज दिली की प्राध्यापकाने व्यासपीठ सोडू नये, वर्गात गोंगाट होतो.

प्राचार्य स्वतः आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, मागणीचा नियम काय सांगतो. पुढची बाकं गप्प. त्या दिवशी पुढच्यांना येत नव्हतं आणि मला येत होतं. कांड्या भरता भरता पाठ केलं होतं मी. उभी राहिले आणि म्हटलं, “इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत घटली की मागणी वाढते.”

प्राचार्यांच्या कपाळाला आठी पडली. आता सांगा, आमच्या घरात समोरच्याच्या कपाळाला आठी पडली तर त्याचा अर्थ काय? त्याला ऐकू आलं नाही. मी तोच नियम पुन्हा सांगितला, आणखी मोठ्याने. खिळे ठोकलेल्या खिडक्यांच्या काचा वाजल्या असतील. वर्ग फिदीफिदी हसायला लागला. शेजारणीने बाही इतकी ओढली की शिवण उसवली.

“हा काय मासळीबाजार आहे?” प्राचार्य म्हणाले. “चालती हो.”

उत्तर बरोबर होतं. हे मी आजही सांगते, कारण त्या दिवशी ते कुणीच म्हटलं नाही. एक शब्द चुकला नव्हता. मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आलं, आणि त्याचं बक्षीस काय, तर दार.

नंतर शिपायाकडून निरोप आला. वडिलांनी येऊन समक्ष माफी मागावी, नाहीतर टर्म मंजूर होणार नाही. टर्म नाही म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं. आणि आमच्याकडे वर्ष जाणं म्हणजे नुसतं वर्ष जाणं नव्हतं. गावाकडचे काका स्थळ शोधून टपलेच होते. पोरीला कॉलेजातून हाकललं एवढं कानावर पडायचा अवकाश, आई त्याच महिन्यात हळद लावून मोकळी झाली असती. मला शिकायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

मॅडम प्राचार्यांना भेटल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, “सर, ती ओरडत नाही, ती बोलते.” प्राचार्य म्हणाले होते, “मॅडम, आपण इतिहास शिकवा.” मात्र एक गोष्ट मॅडमनी मिळवली. शनिवारऐवजी शुक्रवारी भेटायची परवानगी.

शुक्रवारी बाबांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा काढला. आईने तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. वाटेत बाबा मला म्हणाले, “हात जोडायचं हायत ना? जोडू. हात काय झिजतात?” त्यांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. मुलीचं वर्ष वाचत असेल तर ते त्या टेबलापुढे आडवेसुद्धा पडले असते.

प्राचार्य कागदांवर सह्या करत होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाले नाहीत. मानही वर केली नाही. बाबांना दिसत होता तो फक्त त्यांचा भांग.

“रामराम सायेब! मी हिचा बापूस!” बाबा म्हणाले. बाबांचा आवाज असा की दारातला शिपाई आत डोकावला.

“हळू,” प्राचार्य कागदाला म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, हळू बोल. बाबांनी आवाज उतरवला, म्हणजे त्यांच्या हिशोबाने. प्राचार्य खाली मान घालून बोलत राहिले. मुलगी उद्धट आहे, वर्गाची शिस्त बिघडवते, आवाजावर ताबा नाही, घरचे संस्कार दिसतात. बाबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी बाजूला उभी राहून एकेक वाक्य ओठांनी त्यांच्यापर्यंत पोचवत होते. संस्कारांचं तेवढं गाळलं.

प्राचार्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून माझं तोंड हलताना दिसलं असावं. “काय खाणाखुणा चालल्यात? मला वेडावतेस?”

“नाही सर. बाबांना ऐकायला येत नाही. मी त्यांना सांगते आहे.” मी हे जन्मात बोलले नव्हते इतकं हळू बोलले. त्यांना ऐकू गेलं नाही की ऐकायचंच नव्हतं, देव जाणे. पेन चालूच राहिलं.

बाबांना वाटलं, एवढी साधी तर गोष्ट आहे. साहेबाला माहीत नसेल, सांगावी. कारखान्यात नव्या माणसाला सांगतात तशी त्यांनी सांगितली. “सायेब, जरा वर बघून बोल. मना तुजा तोंड दिसला पायजे.”

बाबांच्या गावाकडे ‘तुम्ही’ फारसं कुणी म्हणत नाही. देवालाही तू आणि पाटलालाही तू. त्यात बाबांचा तो आवाज. आणि वर ‘वर बघून बोल’! शिपाई दोन पावलं आत आला, बाबांच्या दंडाला धरायच्या तयारीने.

तेव्हा कुठे प्राचार्यांनी मान वर केली. साऱ्या भेटीत एकदाच. खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर होता. एकेक शब्द सुटा करत, आम्हाला मराठी येत नसल्यासारखं ते बोलले, “हिला शिकवून काय करणार? घरी बसवा. कांड्या भरू दे. कॉलेज तुमच्यासारख्यांसाठी नाही.”

मी मधे पडणार होते. काहीतरी दुसरंच सांगणार होते ओठांनी. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते साहेबाच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठ किंचित हलत होते. मला लहानपणापासून माहीत होतं, असे ओठ हलले की बाबांना सगळं कळलेलं असतं. जोडायला वर आलेले त्यांचे हात खाली गेले.

“समजला मना,” बाबा म्हणाले. हळू म्हणाले. माझ्या आठवणीत तेवढं एकच वाक्य ते हळू बोलले असतील.

माफी राहिली. प्राचार्यांनी पुन्हा कागदात डोकं घातलं आणि टर्म मंजूर होणार नाही, असं कागदालाच सांगितलं. ते मी बाबांना जिना उतरल्यावर सांगितलं.

घरी जाताना सगळी भिवंडी बंद. रस्त्यात चपलांचा आवाज येत होता. मी रडत होते आणि म्हणत होते की मरू दे ते कॉलेज, मी बसते कांड्या भरायला. बाबा बघत नव्हते माझ्याकडे, म्हणजे ऐकतही नव्हते. एकदा थांबले, माझ्याकडे वळले, आणि म्हणाले, “गप.” बाबा माझ्यावर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले होते, पण माझ्यावर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

घरी काका येऊन बसले होते. सुट्टीचा वार बघूनच आले होते. आईने दारातच विचारलं, “काय बोलला सायेब?”

बाबा उंबऱ्यात उभे राहिले. लूम बंद, चाळ चिडीचूप, आणि बाबांनी गळा मोकळा सोडला. पार कोपऱ्यावरच्या नळापर्यंत ऐकू गेलं असेल. “सायेब बोलला, पोरगी लय हुशार हाय! वर्गात येकलीलाच उत्तर आला! पन जरा कच्ची हाय, येक वरीस परत करू दे, पक्की व्हईल. लग्नाची घाई करू नको बोलला. इतकी हुशार पोर घरात कोंडू नको बोलला!”

काका चपला शोधायला लागले. साहेबाच्या शब्दापुढे काका काय बोलणार? आईने देवापुढे साखर ठेवली. शेजारणी दारात जमल्या. मी तोंडाचा आ करून उभी. बाबांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले, गप ऱ्हा.

ज्या कॉलेजला माझ्यासारखीचं भलं करणारा माणूस हवा होता, त्या कॉलेजच्या खुर्चीत तो नव्हता. माझ्या बहिऱ्या बापाला तो उभ्या उभ्या उंबऱ्यात तयार करावा लागला. आणि तयार केला तोही किती साधा! मुलीचं उत्तर बरोबर होतं एवढं त्याने ऐकलं, आणि तिला घरी बसवू नका एवढं म्हणाला. बास. खऱ्या साहेबाला याहून जास्त काय करायचं होतं? खिडक्यांचे खिळे उपटायचे होते. महिन्या-महिन्याने बाकं फिरवायची होती. एखाद्या शुक्रवारी बापांना बोलवून चहा पाजायचा होता, त्यांच्या तोंडाकडे बघायचं होतं. याला काय सरकारी मंजुरी लागते? पुढे मी स्वतः शिकवायला लागले. विद्यार्थ्यांना कसं सामावून घ्यावं यावर मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. भाषण करणारे अर्धा वेळ कागदात बघून बोलतात.

मी ते वर्ष पुन्हा केलं. त्याच वर्गात, सगळ्यात मागच्या बाकावर, कारण वर्ष गेलेल्यांची जागा तीच. शेजारीण पुढच्या वर्गात गेली होती. रात्रपाळीचे पोरगे एकेक करून यायचे बंद झाले आणि का बंद झाले हे विचारायला कुणी त्यांच्या कारखान्यात गेलं नाही. इतिहासाच्या मॅडमच्या तासाला मी बोलायची. प्राचार्यांच्या तासाला मी वर्षभर तोंड उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी नाही. त्यांना वाटलं असेल, पोर सुधारली. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी ‘वर्तन समाधानकारक’ असा शेरा दिला. तो वाचून मला जेवण गेलं नाही.

पदवी मिळाली. लग्न माझ्या वेळेला, माझ्या मर्जीने झालं. आणि या सगळ्याचं श्रेय कुणाला? त्या माणसाला! आई येईल-जाईल त्याला सांगायची, “हिच्या सायबानं हिला वाचवली हो. भला मानूस. त्यानं सांगितला म्हनून तर हिचा लगीन लांबवला.” बाबा समोर बसून आईचे ओठ वाचायचे आणि मान डोलवायचे. एकदा मी बाबांना ओठांनी विचारलं, सांगू का आईला खरं? बाबांनी मान हलवली, नको. का नको ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, आपल्या मुलीच्या कॉलेजात कुणीतरी बरा माणूस होता, एवढं त्यांना आईसाठी राखायचं होतं. कदाचित स्वतःसाठीही.

बाबा गेले त्या दिवशी घरात सगळं गाव लोटलं होतं. भिंतीपलीकडच्या कारखान्याने त्यांच्यासाठी दिवसभर लूम बंद ठेवले होते. संध्याकाळी माणसं पांगल्यावर आईने मला जवळ बोलावलं. रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, “तुझ्या त्या कॉलेजातल्या सायबाला कळव गो. तुझ्या बापसाला त्याचा लय आधार वाटायचा.”

मी हो म्हटलं. मग मोरीत गेले, दार लावलं, नळ पूर्ण सोडला, आणि त्या माणसाला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. माझ्या खऱ्या आवाजात दिल्या. आवाज सगळ्या चाळीने ऐकला, नळाच्या धारेत शब्द कुणाला लागले नाहीत. आईला वाटलं, पोर बापासाठी रडते आहे.